दुपारी मांडलेलं एक ताट

वाचक लिहितात: माझं वय ६२. आम्ही गिरगावात राहतो. माझे यजमान मर्चंट नेव्हीत होते. १९८६ साली त्यांनी जपानहून नोरिताके कंपनीचा चिनी मातीचा बारा जणांचा डिनर सेट आणला. पांढराशुभ्र, काठाला चंदेरी रेघ आणि एका अंगाला निळी-करडी फुलं. आजवर तो मोजून चार वेळा बाहेर निघाला. निम्मा शोकेसमध्ये आहे, निम्मा माळ्यावर. बारातली नऊ ताटं उरलीत, कप सात, आणि सूपच्या मोठ्या भांड्याच्या झाकणाला तडा गेलाय. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. आता इमारत पुनर्विकासाला जातेय. निदान तीन वर्षं बोरिवलीला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायची आहेत. परवा सून साधेपणानेच म्हणाली, "आई, तो सेट ऑनलाइन विकून टाकू या का? कोण वापरतंय?" मला उत्तर सुचलं नाही. जाऊबाई म्हणतात, त्यात हाडांची भुकटी असते, घरात ठेवूच नये. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. मुलगा-सून कामावर गेले की आठवड्यातून एकदा तरी मी त्यातलं एक ताट, एक बोल, एक कपबशी काढते. इस्त्रीचा टेबलक्लॉथ घालते, सगळं नीट मांडते, एखादं फूल ठेवते आणि पाच-दहा मिनिटं नुसती बघत बसते. मग धुऊन-पुसून, सून यायच्या आत जागच्या जागी. हे या वयात शोभतं का? वस्तूत इतका जीव अडकणं बरं का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न सामानाचा आहे. पुनर्विकासाला निघालेल्या घरांतून हल्ली अशी पत्रं येतातच. तांब्याचं घंगाळ, शिसवी कपाट, सासूबाईंचं शिवणाचं मशीन, यांचं काय करू म्हणून विचारतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र 'सून यायच्या आत जागच्या जागी' या शब्दांपाशी अडकले. सेट ठेवायचा की विकायचा ते आपण बघूच. आधी त्या दुपारबद्दल बोलते.

ती दुपार तुम्हाला शोभते. तुमच्या पत्रातली ती सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला चोरून करावी लागते याचं मला फार वाईट वाटलं.

टेबलक्लॉथ, डिनर सेट हे साहेबाचे लाड, आपल्यासारख्यांच्या घरात ते कशाला, असा एक सूर तुमच्या पत्रात मला ऐकू आला. पण जेवायची वेळ झाली की अजूनही आपण काय म्हणतो? 'पानं घ्या.' ताटं स्टीलची, जागा डायनिंग टेबलाची, केळीचं पान रोजच्या जेवणातून जाऊन किती वर्षं झाली, तरी शब्द पानाचाच. आणि पान घेणं म्हणजे काय काय असायचं ते आठवा. मीठ वर मधोमध. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये भाताची मूद, वाटी आतून ओली करून पाडलेली, म्हणजे कड मोडत नाही. तिच्यावर वरण, वरणावर तूप. जे बोटाच्या टोकाने चाखायचं ते डावीकडे, जे भरपूर खायचं ते जेवणाऱ्या हाताशी. यात सोय आहे, पण नुसती सोय असती तर पाटाभोवती रांगोळी कोणी ओढली असती? महिरप कोणी काढली असती? ती तर जेवणं उरकताच पुसली जायची.

माझी आत्या सणाला पानं मांडून झाली की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची. पदराला हात पुसत सगळ्या ओळीवरून एकदा नजर फिरवायची. वाढपी खोळंबलेले, पोरं भुकेलेली, तरी ती तो एक मिनिट सोडायची नाही. तिला कोणी कधी विचारलं नाही की हे तुला शोभतं का. तुम्ही दुपारी टेबलासमोर बसता, तो तोच मिनिट आहे. फक्त तिच्यामागे पंगत होती आणि तुम्ही एकट्या आहात, म्हणून तो तुम्हाला वेडेपणा वाटतो.

चिनी मातीपायी जीव टाकणाऱ्यांची परंपरा तर फार मोठी आहे, ताई. चीनमधल्या जिंगदेझेन शहराजवळच्या गाओलिंग गावाची पांढरी माती जगात प्रसिद्ध झाली. 'केओलिन' हा शब्द त्या गावाच्याच नावावरून आला. ही भांडी युरोपात पोचली तेव्हा ती करायची कशी हे तिथे कोणाला उमगत नव्हतं. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने बॉटगर नावाच्या एका तरुण किमयागाराला सोनं करून दे म्हणून डांबून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, पण त्या कैदेतूनच युरोपातलं पहिलं खरं पोर्सिलेन निघालं, आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. याच राजाने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. सैनिकांच्या बदल्यात भांडी! हे मला अजिबात आवडत नाही, माणसं अशी देऊन टाकण्याचा अधिकार कोणालाच नसावा. पण या वस्तूची ओढ किती खोल जाते ते त्यातून कळतं. तुमची ओढ कोणालाही न दुखावता दुपारी दहा मिनिटांत भागते.

आणि मुंबईचं तर या भांड्यांशी जुनं नातं. चीनहून चहा घेऊन निघालेल्या जहाजांच्या तळाशी चिनी मातीच्या भांड्यांच्या पेट्या रचायचे. वजनदार माल, त्यामुळे जहाज स्थिर राहायचं, आणि खाली पाणी झिरपलं तरी भांड्यांचं काही बिघडत नसे. चहा वर कोरडा राहायचा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे मुंबईचे पारशी व्यापारी तरुणपणी स्वतः चीनच्या सफरी करून आले. पारशी घरांतल्या काचेच्या कपाटांत चिनी बोल आणि बरण्या दिसतात, त्या त्या व्यापाराची आठवण. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातलं चिनी-जपानी पोर्सिलेन आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, म्हणजे आपल्या जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये. गिरगावातून टॅक्सीने वीस मिनिटं. बोरिवलीला जायच्या आधी एकदा जाऊन या. तिथली माणसं काचेपुढे उभी राहून जे करतात ते तुम्ही घरी करता.

तुमच्या यजमानांचा सेटही समुद्रातूनच आला. नोरिताकेची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, सांगते. कंपनी १९०४ सालची, नागोयाजवळच्या नोरिताके गावातली. कप, फुलदाण्या त्यांना लवकर जमल्या. अडलं ते साध्या सपाट ताटापाशी. २५ सेंटिमीटरचं पांढरं ताट भट्टीतून सपाट बाहेर काढायचं म्हणजे कठीण काम. रुंद माती त्या आगीत नरम होते आणि कुठेतरी बसते, कुठेतरी उचलते. त्या एका ताटासाठी त्यांची जवळपास दहा वर्षं गेली, आणि पहिला पूर्ण डिनर सेट १९१४ मध्ये तयार झाला. पुढच्या वेळी मांडाल तेव्हा ताटाच्या पातळीला डोळा आणून बघा, ते टेबलावर कसं एकसारखं टेकलंय ते. तुमची नजर आपसूक तिथे जात असेलच. ज्याला मांडायची आवड असते त्याला सपाटपणा कळतो.

आता जाऊबाईंचा आक्षेप. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बोन चायना म्हणून जी भांडी मिळतात त्यांच्या मातीत खरोखरच गुरांच्या हाडांची राख असते, साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने ती पद्धत बसवली. त्या राखेमुळे भांडं पांढरं, पातळ आणि तरी चिवट होतं. साध्या पोर्सिलेनमध्ये मात्र केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ असतात, तिन्ही जमिनीतून निघालेली. नोरिताके दोन्ही प्रकार बनवत आलीय. तेव्हा ताट उलटं करा आणि मागचा शिक्का वाचा. त्यात 'बोन' शब्द असेल तर हाडांची राख आहे. नसेल, नुसतं नोरिताके आणि जपान असं असेल, तर बहुधा नाही. उजेडासमोर धरून बोटांची सावली दिसते का बघा, असं काही जण सांगतात. त्यावर विसंबू नका, चांगल्या पोर्सिलेनमधूनही सावली दिसते. बोन निघालं आणि तुमच्या मनाला पटत नसेल, तर तो निर्णय सर्वस्वी तुमचा. मी त्यात भर घालणार नाही. पण शिक्का न वाचता जाऊबाईंच्या सांगण्यावरून घराबाहेर काढू नका.

इथे मला माझ्या आईचे कप आठवतात.

आईकडे सहा कपांचा एक टी सेट होता. गुलाबी कळ्या, सोनेरी कड. तो पाहुण्यांचा. आम्ही भावंडं स्टीलच्या फुलपात्रातून चहा प्यायचो. पाहुणेही त्या कपांच्या तोलाचे आईला कधी वाटले नसावेत, कारण मला तो सेट बाहेर निघालेला आठवत नाही. पुढे तो एका ट्रंकेत तळाशी गेला. वर लुगडी, फोटो, आमच्या शाळेचे दाखले. २६ जुलै २००५ ला आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या घरात कमरेच्या वर पाणी चढलं. ते उतरल्यावर ट्रंक उघडली तर फोटोंचा लगदा झालेला. आईचं लग्नातलं शालू-लुगडं हातात घेतलं आणि जरीपासून सुटून आलं. तळाशी चिखलाने भरलेले सहा कप, सहा बश्या. नळाला पाणी आल्यावर धुतले. एकावरही डाग नाही, सोनेरी कड जशीच्या तशी.

त्यामागचं कारण मला नंतर कळलं. ही माती १२०० अंशांच्या वर भाजतात. त्या आगीत तिच्यातला फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि मातीतली सगळी बारीक भोकं बुजवतो. म्हणून ती पाणी पितच नाही. पण तेव्हा हे माहीत नव्हतं. मी उंबऱ्यावर बसून ते कप मांडीत घेऊन रडले. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी किटली भरून चहा आणला, आणि चिखलाच्या घरात आईने स्वतः तो त्या कपांत ओतला. त्या दिवसापासून ते रोजचे झाले. आता चार उरलेत. एक माझ्या हातून गेला, एक नातीच्या. ट्रंकेतल्या इतक्या वर्षांची त्या कपांची माझ्याकडे एकही आठवण नाही. फुटलेल्या दोघांच्या मात्र आहेत, कोणत्या दिवशी, कोण कुठे उभं होतं, सगळं.

तुम्ही सेट जपलात. पण पत्र वाचून मला दिसतं की तुमचा जीव जपण्यात नाही, मांडण्यात आहे. तो माळ्यावर सुरक्षित आहे या विचाराने तुम्हाला सुख होत नाही. ताटाशेजारी बोल ठेवून, कपाचा कान उजवीकडे वळवून, फूल जरा सरकवून होतं. मग निर्णयही तेच धरून करू या.

सगळा विकू नका. पैशांसाठी तर मुळीच नको. जुन्या डिनर सेटला आपल्या मनात असते त्या मानाने बाजारात किंमत फार कमी येते. सगळ्यांची घरं लहान, बारा जणांच्या सेटला जागा कोणाकडे आहे? चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुनी भांडी विकत घेणारे दुकानदार आहेत, पण ते विकणाऱ्याला काय देतात आणि घेणाऱ्याकडून काय घेतात यात पुष्कळ अंतर असतं. ते पैसे तीन महिन्यांत घरखर्चात विरतील आणि तुमची दुपार कायमची जाईल. हा सौदा मला पटत नाही. हल्ली 'वर्षभर हात लागला नाही ते घराबाहेर' असा एक नियम सांगतात. डबे, पिशव्या, जुने चार्जर यांना तो लावा. नवऱ्याने सहा महिन्यांच्या बोटीवरून काखेत सांभाळून आणलेल्या वस्तूला तो लावू नये.

पण सगळा ठेवूही नका. वन बीएचकेत नऊ ताटं, बोल, बश्या आणि मोठी भांडी पुन्हा माळ्यावरच जातील. तुम्ही घरात तिघं. चार जणांचं काढा: चार ताटं, चार छोट्या बश्या, चार बोल, चार कपबश्या आणि एक मोठं वाढायचं भांडं. हे सगळं स्वयंपाकघरात, हाताशी, स्टीलच्या ताटांच्या शेजारी. शोकेस बोरिवलीला नेऊच नका. उरलेल्यातलं थोडं माहेरच्या-सासरच्या कोणाला हवं असेल तर द्या, पण देताना विचारून द्या आणि 'नको' आलं तर मनाला लावून घेऊ नका. 'ही आमची आठवण आहे, जप बरं' असं सांगून तर देऊच नका, नाहीतर तुमचं ओझं त्यांच्या माळ्यावर जाईल. 'यात पोहे खा' असं सांगून द्या.

तुम्ही म्हणाल, रोज वापरलं तर फुटेल. फुटेल, एखादं. पण आपल्या जेवणात हा सेट इंग्रजी जेवणापेक्षा जास्त टिकतो, हे कोणी सांगत नाही. चिनी मातीच्या ताटावर चरे उठतात ते सुरीने. आपण हाताने जेवतो. खोलगट सूप प्लेट असेल तर वरणभात, खिचडी, पिठलं-भात त्यात घ्या, सपाट ताटावर आमटी पळते. छोटी बशी थालीपीठ आणि लोण्याला अगदी मापाची. हळदीचा डाग झिलईवर बसत नाही. स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा उठतील. त्या चरे नसतात, चमच्याचा धातू वर घासून बसलेला असतो. खायच्या सोड्याची ओली पेस्ट बोटाने चोळली की निघतात. कपातला चहाचा पिवळा थरही तसाच जातो. चंदेरी काठाला मात्र तारेची घासणी लावू नका. मायक्रोवेव्हमध्ये तर चुकूनही नको, काठ धातूचा आहे, ठिणग्या उडतील. हे सुनेला आधीच सांगून ठेवा, कारण ती तिथेच ठेवेल. थंडगार ताटात उकळतं काही ओतू नका, आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. धुताना बेसिनमध्ये प्लॅस्टिकचं छोटं टब ठेवा. स्टेनलेस सिंकच्या कडेला आपटूनच बहुतेक टवके उडतात. कप एकात एक रचू नका.

सामान हलवण्याबद्दलही सांगते, कारण जे फुटतं ते बहुधा त्याच दिवशी. ताटं आडवी एकावर एक रचू नयेत, वह्यांसारखी उभी भरावीत. आडव्या चळतीत सगळं वजन खालच्या ताटावर येतं आणि टेम्पोच्या एका गचक्यात ते जातं. प्रत्येक ताट आधी साध्या कोऱ्या कागदात. वर्तमानपत्राची शाई झिलई नसलेल्या तळाला लागते. बाकी भराव जुन्या सुती साड्यांचा. सहावारी पाच-सहा धुण्यांत जी मऊ होते तिच्याइतकं चांगलं पॅकिंग विकत मिळत नाही. खोके लहान घ्या, खाली-वर चार बोटं कपडा. कपांच्या कानात कपड्याची वळकटी घाला आणि कप पालथे ठेवा. जे उरलेलं दोन-तीन वर्षं बांधूनच राहणार आहे ते पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, बोरिवलीच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी येते आणि कसर लागते. झाकणाचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्या. आणि ज्या चार जणांचं रोजचं आहे तो क्रेट पॅकर्सच्या गाडीत देऊ नका. तुमच्या मांडीवर, टॅक्सीतून.

तडा गेलेल्या झाकणाचं विचारलं नाहीत, पण ते तुमच्या मनात आहे म्हणूनच लिहिलंत. गोंदाने चिकटवून त्यावर गरम अन्नाची वाफ घेऊ नका. झाकण बाजूला ठेवा. भांड्याला काही झालेलं नाही. मोगऱ्याच्या दिवसांत दादरच्या फुलबाजारातून वाटाभर कळ्या आणा, त्या भांड्यात पाण्यावर सोडा आणि टेबलाच्या मधोमध ठेवा. उंच फुलदाणीपेक्षा ते बरं. समोरच्याचा चेहरा दिसतो.

राहिली सून. तिच्या वाक्यात मला तुटकपणा दिसला नाही, तुम्हालाही दिसला नाही असं तुम्हीच लिहिलंय. 'कोण वापरतंय?' हा तिचा खरा प्रश्न आहे. तिने या घरात तो सेट वापरताना कोणाला बघितलंच नाही, मग तिला कसं कळणार? तिच्या दृष्टीने ती कपाटातली जड, नाजूक, हात न लावायची वस्तू. तिची सासू दर आठवड्याला त्यासमोर बसते हे तिला माहीतच नाही. ते तुम्ही तिच्यापासून इतकं नीट लपवलंत की ती विकायची गोष्ट करते, आणि त्यात तिची काही चूक नाही. लाजू नका, तिला सगळं सांगा असं मी म्हणणार नाही. अशा गोष्टी तोंडाने सांगताना मोडतात. आणि माझ्या अनुभवात, नवऱ्याबद्दलच्या आठवणी सुनेसमोर एकदम काढल्या की ती बिचारी काय बोलावं म्हणून अवघडते. तुमचे यजमान कोणत्या बंदरातून तो सेट घेऊन निघाले, कस्टम्सला पेटी उघडायला लावली का, तुम्ही तो पहिल्यांदा कधी मांडलात, हे ती हळूहळू स्वतःहून विचारेल. आधी ताट तिच्यासमोर येऊ दे.

म्हणून एकच करा. पुढच्या खेपेला दुपारी मांडाल तेव्हा आवरू नका. टेबलक्लॉथ राहू दे, ताट, बोल, कपबशी, फूल, सगळं तसंच राहू दे. सून सात-साडेसातला लोकलचा धक्का खाऊन येईल, पर्स खुर्चीवर टाकेल आणि विचारेल, "आई, आज कोण येणारेय?" तेव्हा तिच्यासाठी दुसरं पान घ्या.